टीव्हीखालचा बारा वर्षांचा संगणक: सुधारावा की नव्याने जोडावा?

रामबाग_इंदूर

आमच्या घरी टीव्हीखाली जो संगणक आहे, तो मी 2013 च्या दिवाळीत आरएनटी मार्गावरच्या एका दुकानातून सुटे भाग घेऊन जोडून घेतला होता. इंटेलचा कोअर आय-3 3220 प्रोसेसर, एच-61 चिपसेटचा मदरबोर्ड, 4 जीबी डीडीआर-3 रॅम, 1 टीबीची हार्ड डिस्क आणि टीव्हीच्या कपाटात आडवे बसेल असे चपटे कॅबिनेट. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. आवाजासाठी त्याच सुमाराचा 5.1 चा (पाच स्पीकर आणि एक वूफर चालवणारा) ॲम्प्लिफायर आहे. इतकी वर्षे या संचाने तक्रारीला जागा ठेवली नाही.

दसऱ्याला 55 इंची 4के टीव्ही घरात आला आणि कुरबुरी सुरू झाल्या. भाच्याच्या मुंजीचे मोबाइलवर 4के मध्ये काढलेले चित्रण लावले, तर बटू मांडवात अडखळत चालतो, गुरुजींचा मंत्र मात्र दोन पावले पुढे निघून गेलेला असतो. टास्क मॅनेजर उघडून पाहावे, तर प्रोसेसर 100 टक्क्यांवर. संगणक सुरू होऊन हाताशी येईपर्यंत चार मिनिटे जातात. मे महिन्यातल्या उकाड्यात तो दोनदा चालता चालता आपोआप बंदही पडला. शिवाय विंडोज 10 ला मिळणारे अद्ययावतीकरण 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबले, आणि विंडोज 11 हा प्रोसेसर स्वीकारत नाही.

मालिका आणि चित्रपट आता टीव्हीवरच्या ॲपमधून पाहिले जातात, त्यामुळे संगणकावर उरले आहे ते घरचे चित्रण: मिनी-डीव्ही कॅमेऱ्याने (छोट्या कॅसेटीवर) टिपलेले घरचे गणपती, लग्नकार्ये आणि मंडळातले नाट्यसंगीताचे कार्यक्रम. दुकानदाराने तीन आकडे सांगितले आहेत. नवा संच 36 हजार. जुन्यातच ग्राफिक्स कार्ड, एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) आणि रॅम घातल्यास सुमारे 12 हजार. आणि इंटेल एन-100 चा लहानसा मिनी पीसी 17 हजार. वडिलांचे मत असे, की चालत्या गाडीला खीळ घालू नये, आणि नव्या संगणकामुळे वीजबिल कमी येईल असे मी म्हणतो तेही त्यांना पटत नाही. आपण काय कराल?

सयाजीगंज_बडोदा

आपण तीन वेगळी दुखणी एका पिशवीत घातली आहेत, त्यामुळे दुकानदारालाही तिन्हींवर मिळून एकच महाग औषध सुचवणे सोपे गेले. त्यांची फोड आधी करावी.

चित्र अडखळते, त्याचे मूळ वेगात नसून वयात आहे. मोबाइलमधले 4के चित्रण बहुधा एचईव्हीसी या पद्धतीने दाबलेले असते. ते मानक 2013 मध्ये मंजूर झाले आणि आपला प्रोसेसर 2012 चा; साहजिकच त्यातल्या ग्राफिक्समध्ये एचईव्हीसी उलगडणारा भागच नाही आणि सगळा भार मुख्य प्रोसेसरच्या दोन कोअरवर पडतो. दहा-बिटी (रंगछटा अधिक बारकाईने नोंदवणारे) एचईव्हीसी पूर्णपणे हार्डवेअरमध्ये उलगडण्याची सोय इंटेलने सातव्या पिढीपासून दिली, आणि एव्ही-1 या त्याहून नव्या पद्धतीची अकराव्या पिढीपासून. म्हणून रॅम 4 ची 16 जीबी केली तरी मुंजीतला बटू अडखळतच चालेल. त्याच बोर्डावर बसणारा जुना आय-7 3770 कोणी स्वस्तात देऊ केला, तर तोही घेऊ नये, कारण त्याच्या ग्राफिक्समध्येही हा भाग नाही. पंखा मात्र दुप्पट ओरडेल.

उशिरा सुरू होणे हे फिरत्या हार्ड डिस्कचे दुखणे आहे. एच-61 वर साटाचा (डिस्क जोडण्याच्या वाटेचा) वेग 3 गिगाबिटांपुरताच असला, तरी एसएसडी लावल्यावर तोच संगणक अर्ध्या मिनिटात उभा राहतो, असा माझा स्वतःचा अनुभव आहे. आणि उन्हाळ्यात बंद पडणे हे मला धुळीचे काम वाटते.

वीजबिलाबाबत मात्र वडील बरोबर आहेत. जुना संच 60 वॉट आणि मिनी पीसी 15 वॉट घेतो असे धरले, तर रोज पाच तासांच्या वापरात महिन्याला पावणेसात युनिटांचा फरक पडतो. युनिट सात-आठ रुपयांचे धरले तर पन्नासेक रुपये. एवढ्यासाठी 17 हजार खर्च करायचे, तर वसुलीला पंचवीस वर्षांहून अधिक काळ लागेल.

36 हजारांचा संच मी यादीतून काढून टाकीन. निवड उरते ती कार्ड आणि मिनी पीसी यांच्यात, आणि माझा कल मिनी पीसीकडे आहे. एन-100 हा जानेवारी 2023 चा चार कोअरचा, 6 वॉटचा प्रोसेसर असून एचईव्हीसी, व्हीपी-9 आणि एव्ही-1 हे चित्रण दाबण्याचे तिन्ही प्रकार तो हार्डवेअरमध्ये उलगडतो.

लष्कर_ग्वाल्हेर

मी कार्डाच्या बाजूचा आहे. एनव्हिडियाचे जीटी 1030 हे 2017 चे कार्ड 30 वॉटमध्ये भागते, त्याला एसएमपीएसची (वीज पुरवणाऱ्या डब्याची) वेगळी वायर लागत नाही, ते दहा-बिटी एचईव्हीसी उलगडते आणि 4के चित्र 60 हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला 60 वेळा, टीव्हीला देते, जे आपल्या बोर्डावरच्या एचडीएमआयमधून निघणार नाही. एव्ही-1 त्याला येत नाही. परंतु घरच्या चित्रणात एव्ही-1 सहसा नसतेच.

दोन गोष्टी मात्र दुकानातच पाहून घ्याव्यात. कॅबिनेट चपटे असल्यामुळे कार्ड अर्ध्या उंचीचे हवे आणि त्याची आखूड पट्टी खोक्यातच असायला हवी, नाही तर घरी येऊन पत्रा कापत बसावे लागते (मी कापला आहे). दुसरे म्हणजे ‘तेच आहे, साहेब’ असे म्हणून जीटी 710 हातात ठेवले जाईल. ते कार्ड एचईव्हीसी उलगडत नाही. ते घेणे म्हणजे पैसे देऊन आहे तिथेच राहणे.

सुदामानगर_इंदूर

वरच्या दोन्ही उत्तरांत तथ्य आहे. पण मला आधी एक विचारायचे आहे. त्या मिनी-डीव्ही कॅसेटी संगणकात उतरवल्या कशा? फायरवायरच्या (कॅमेरा संगणकाला जोडणाऱ्या) कार्डाने उतरवल्या असतील आणि काही अजून बाकी असतील, तर हा संगणक मोडीत काढण्याचा विचार तूर्त मनातून काढून टाका. मिनी पीसीत ते कार्ड बसवायला खाचच नसते. डीव्ही चित्रण तासाला सुमारे 13 जीबी जागा घेते आणि साठ मिनिटांची कॅसेट उतरायला साठ मिनिटेच लागतात. हे काम जुन्या, बसलेल्या घडीच्या यंत्रावर जितके निमूट होते, तितके नव्यावर होत नाही. माझ्या थोरल्या बंधूंनी जुना संच भंगारात दिला, आणि नंतर अकरा कॅसेटी बाहेर उतरवून घेताना दुकानदाराने दर कॅसेटीला जे पैसे लावले, त्यात एक एसएसडी आली असती.

दुसरे, बारा वर्षे फिरलेल्या एकाच डिस्कवर घरचे सगळे चित्रण असणे, हा या संपूर्ण धाग्यातला खरा धोका आहे आणि त्याचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्क तपासणारा प्रोग्रॅम चालवून ‘रिअलोकेटेड सेक्टर’च्या (खराब झाल्याने बदललेल्या जागांच्या) ओळीतला आकडा पाहा. तो शून्याहून अधिक असेल, तर खरेदीची चर्चा नंतर; आधी बाहेरची एक डिस्क आणून प्रत काढा.

रामबाग_इंदूर

सर्वांचा आभारी आहे. रविवारी सकाळी कॅबिनेट अंगणात नेऊन उघडले. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली, ॲल्युमिनियमच्या पात्यांवर धुळीचा नमदा बसलेला होता. चिमट्याने धरून उचलला, तर अखंड वडीसारखा निघाला. खालची, प्रोसेसरची उष्णता पात्यांकडे पोचवणारी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. ब्लोअरने साफ करून नवी पेस्ट लावली. पूर्वी चित्रपट लावल्यावर तापमान 90 अंशांच्या पुढे जायचे, ते आता 62 वर थांबते. शिवाय टीव्हीच्या कपाटाला मागून फळी होती आणि पुढून दार. म्हणजे इतकी वर्षे आम्ही त्याला बंद पेटीत कोंडून ठेवले होते. सुताराकडून मागची फळी कापून घेतली.

डिस्कच्या त्या ओळीत आकडा 24 आला. त्याच दिवशी संध्याकाळी 2 टीबीची बाहेरची डिस्क आणली आणि आधी उतरवलेल्या 43 कॅसेटींच्या सुमारे 560 जीबी चित्रणाची रात्रभर लावून प्रत काढली. दोन फाईली वाचता आल्या नाहीत. त्यांच्या मूळ कॅसेटी सुदैवाने फडताळात आहेत. आणि हो, फायरवायरचे कार्ड अजूनही बोर्डाच्या पीसीआय खाचेत आहे आणि 17 कॅसेटी उतरवायच्या राहिल्या आहेत, हे मी प्रश्नात लिहायलाच विसरलो होतो.

त्यामुळे ठरवले ते असे. जुन्या संगणकात फक्त एसएसडी घालून, त्याचे इंटरनेट काढून, तो माझ्या खोलीतल्या टेबलावर कॅसेटी उतरवण्यासाठी ठेवायचा. टीव्हीखाली एन-100 चा मिनी पीसी; तो आणून लावलाही. ग्वाल्हेरच्या मित्रांचे कार्ड स्वस्त होते हे मान्य. पण कार्ड घातले असते, तर दोन्ही कामे पुन्हा त्याच एका बोर्डाच्या गळ्यात पडली असती.

एक शंका राहिली. ॲम्प्लिफायर जुना असल्यामुळे त्यातून 4के चित्र 60 हर्ट्झने पुढे जात नाही. तोही बदलावा लागेल का? आणि नव्या पीसीवर जुने डीव्ही चित्रण लावल्यास कॅमेरा आडवा फिरताना चित्र किंचित हिसके देते, ते कशाने?

सयाजीगंज_बडोदा

ॲम्प्लिफायर बदलू नका. पीसीची एचडीएमआय केबल थेट टीव्हीला द्या आणि टीव्हीतून ऑप्टिकल वायरने आवाज ॲम्प्लिफायरकडे न्या. या वायरीतून डॉल्बी ट्रूएचडी हा अनेक चॅनलांचा उच्च प्रतीचा आवाज जात नाही. पण आपले डीव्ही चित्रण दोन चॅनलांचे आहे, त्याला ही वायर पुरून उरते.

हिसक्यांचे कारण असे, की आपल्याकडचे कॅमेरे पाल पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला 25 चित्रांचे, आणि पीसी टीव्हीला 60 हर्ट्झ देतो आहे. साठात पंचविसाचा भाग पूर्ण जात नाही, म्हणून काही चित्रे दोनदा आणि काही तीनदा दाखवली जातात. कोडी हा चित्रण दाखवणारा प्रोग्रॅम वापरत असाल, तर चित्रणानुसार रिफ्रेश रेट (हा हर्ट्झचा आकडा) बदलण्याची सोय सुरू करा. नाही तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन 50 हर्ट्झ निवडा.

रामबाग_इंदूर

50 हर्ट्झ केले आणि हिसके गेले. आता रोज रात्री जेवणानंतर एक कॅसेट उतरवायला लावतो. आज चौथी चालू आहे.