प्रतिसाद: फुली मारली तरी होकारच?

'सॉफ्टवेअरचे अपडेट सुरक्षेसाठीच असतात, मग वापरणाऱ्याची परवानगी कशाला?' असं इथे वर एकाने म्हटलंय. निम्मं पटलं. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्राय व्हायरसने मे २०१७ मध्ये धुमाकूळ घातला, त्यावरचा विंडोजचा पॅच, म्हणजे भोक बुजवणारी दुरुस्ती, मार्चमध्येच आला होता. पण पॅच वेगळा आणि आगंतुक पाहुणा वेगळा.

आमच्या मामांची कोल्हापुरात मार्केट यार्डात गुळाची अडत आहे. ऐन सौद्यात, शेतकरी पट्टीसाठी (विक्रीच्या हिशेबाच्या कागदासाठी) उभा, आणि प्रिंटरच्या सॉफ्टवेअरने आपलं आपणच अपडेट घेतलं. वीस मिनिटं पडद्यावर नुसतं चक्र. परत सुरू झालं तर कोपऱ्यात शाई विकायचं नवंच दुकान थाटलेलं, आणि पट्टीवर मराठीच्या जागी चौकोन! शेवटी मामांनी पट्टी हातानं लिहिली. शेतकरी म्हणतोय, "हेच बरं हुतं की!"

यात सुरक्षा कुठली?

२०१६ मध्ये तर 'विंडोज १० घ्या' म्हणणाऱ्या खिडकीवर फुली मारली तरी ठरलेलं अपग्रेड व्हायचंच. बोंबाबोंब झाल्यावर मायक्रोसॉफ्टने नकाराचं वेगळं बटण दिलं. फुलीचा अर्थ 'नको' हे शाळेतल्या पोरालाही कळतं राव.

मामा आता सौद्याच्या वेळी नेटची वायरच काढून ठेवतात.