नववी-दहावीच्या मुलांचं 'पुढे काय?' – तुमचे अनुभव सांगा

अबोली_विक्रोळी
काल आमच्या बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली. दुरुस्तीला आलेला मुलगा टेस्टर हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "बाई, ओळखलंत? नववीला होतो तुमच्याकडे."

दहा-बारा वर्षांपूर्वी मी पालिकेच्या एका माध्यमिक शाळेत दर शनिवारी जायचे, मुलांशी पुढच्या शिक्षणाबद्दल बोलायला. पहिल्याच दिवशी विचारलं, मोठेपणी कोण व्हायचंय? अर्धा वर्ग पोलीस, उरलेला डॉक्टर. हा गप्प. सगळे गेल्यावर दप्तर आवरताना हळूच म्हणाला, "मला वायरी जोडायला आवडतं. पण ते काय सांगायचं वर्गात!"

त्या दिवसापासून मी तो प्रश्नच सोडला. वहीच्या पानावर तीन ओळी लिहायला लावायचे. दहावीनंतर कुठे, तिथे जायला काय लागतं, या महिन्यात मी काय करणार. याची तिसरी ओळ अजून पाठ आहे: "आयटीआय बघून येणे. वरच्या माळ्यावरच्या दादाला विचारणे." आणि खरंच गेला की बघायला!

तुम्ही शिकवत असा, आई-बाबा असा, नाहीतर स्वतःचं आठवत असेल, लिहा.

मुलुंडचा_दादा
माझी दहावी ८३ सालची. बाबा गिरणीत, ८२ च्या संपाने घर बसलेलं. ध्येयबिय शब्दच नव्हता, पगार कधी सुरू होईल एवढंच. शाळेतल्या सुतारकामाच्या सरांनी एका रविवारी घरी येऊन आईला समजावलं, दहावीवर तीन वर्षांचा डिप्लोमा होतो, पुढे जमलं तर डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात घेतात. आईने चहा टाकला, कपबशा पुसत सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "फी किती?" सरांनी आकडा आधीच कागदावर लिहून आणला होता. तो माणूस मी विसरू शकत नाही.

चाफा२२
लेकीला ९१ टक्के. सगळी सोसायटी म्हणतेय सायन्स घे. तिला चित्रकलेच्या सरकारी परीक्षा, एलिमेंटरी, इंटरमिजिएट, दोन्हीत ए ग्रेड. काय करू सुचत नाहीये, कुकर लावून येते

टीचर_भांडुप
चाफा, तिला एकदा मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाच्या आवारात फिरवून आण. १८५७ पासूनची संस्था आहे, ती झाडं, ते दगडी बांधकाम बघू दे. बीएफएला, म्हणजे कलेच्या पदवीला, बारावी आणि सीईटी ही प्रवेश परीक्षा लागते, म्हणजे अकरावीला कुठली साइड घेतली म्हणून दार बंद होत नाही. हे तिला आत्ताच सांग, अर्धी भीती जाईल.

मी दहावीला शिकवते. माझं कळकळीचं सांगणं, दाखले दिवाळीच्या सुट्टीतच काढा. माझ्या एका विद्यार्थ्याचं सगळं ठरलेलं होतं, कॉलेज, ट्रेड, लोकलचा पास काढायचं स्टेशनसुद्धा. जातीचा दाखला वेळेत हातात पडला नाही आणि राखीव जागा गेली. निकालानंतर कचेरीत रांग जिन्यापर्यंत येते. मुलाने काय व्हायचं ठरवलं याइतकंच त्याच्या फाइलमध्ये काय आहे हे बघा.

पावसाळी_ढग
२०१६ ला दहावीला होतो, कलचाचणीची, म्हणजे मुलाचा ओढा कुठे आहे ते बघणाऱ्या सरकारी चाचणीची, पहिली बॅच. माझा कल 'गणवेशधारी सेवा' आला. आजी गल्लीभर सांगत सुटली मिलिटरीत चालला म्हणून 😀 मी आता बँकेत. पण त्या कागदामुळे घरात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं की तुला काय वाटतं रे. त्याचं मोल आहे मला.

मुलुंडचा_दादा
आजीला नमस्कार सांग

पावसाळी_ढग
गेली हो ती मागच्या वर्षी. पण सांगतो तिच्या फोटोला.

मुलुंडचा_दादा
अरेरे. सांभाळ रे बाळा.

नेरुळ_नाही_कुर्ला
आठवीतल्या मुलांच्या पालकांनो, एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा चुकवू नका. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. उत्पन्नाची मर्यादा आहे, मुख्याध्यापकांना विचारा. माझ्या बहिणीने त्याच पैशांवर बारावी पूर्ण केली, नाहीतर शिवणकामाला बसणार होती. उभ्याने लिहितोय, घाटकोपर आलं, उतरतो

चाफा२२
टीचर, शनिवारी नेते तिला. रात्री विचारलं तर उशीत तोंड घालून रडली, म्हणे तू विचारशील असं वाटलंच नव्हतं. मला कसं कळलं नाही गं इतके दिवस.

अबोली_विक्रोळी
चाफा 🤗 आता विचारलंस ना.

सानपाडा_मावशी
अबोली, त्या लिफ्टवाल्या मुलाचा नंबर मिळेल का? आमची पण चार दिवस बंद आहे, सासूबाई पाचव्या मजल्यावर अडकल्यात.

अबोली_विक्रोळी
त्याला विचारून व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

सानपाडा_मावशी
मिळाला. उद्या येतो म्हणालाय. भाच्याला पण बोलावून घेते, नववीत आहे, घरातले सगळे पंखे खोलून ठेवलेत त्याने.