नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये पॅडलबोर्डिंग : नवख्यांना जमेल का?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर) : जुलैमध्ये नेरॉयफ्योर्डमध्ये (उंच कड्यांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीत) पॅडलबोर्डवर उभे राहून वल्हवण्याचा आमचा विचार आहे. पोहता येते, सराव मात्र अजिबात नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : केवळ पोहता येणे पुरेसे नाही, कारण तेथील पाणी उन्हाळ्यातही गार असते आणि अचानक पडल्यास धाप लागते, म्हणून वेटसूट (गार पाण्यात अंगाची ऊब टिकवणारा पोशाख), लाइफ जॅकेट व बोर्ड पायाशी बांधणारा पट्टा हवाच. सकाळी लवकर निघावे. वारा वाढल्यास सरळ गुडघ्यांवर बसावे.

उत्तर २ : 2005 पासून जागतिक वारसा असलेला हा फ्योर्ड काही ठिकाणी जेमतेम 250 मीटर रुंद असल्याने पर्यटक बोटींच्या लाटा कड्यांवर आपटून उलट येतात, तेव्हा बोर्डाचे टोक लाटेकडेच ठेवावे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. जुलैत गार पाणी, हे घरच्यांना पटवणे तेवढे बाकी आहे!