शब्दचर्चा : कमाविसदार, मामलतदार, तहसीलदार

प्रश्न : मी विधी विषयाचा अभ्यासक असून राज्यकारभाराच्या इतिहासावर प्रबंध लिहीत आहे. पेशवेकालीन कागदांत 'कमाविसदार' आणि 'मामलतदार' ही पदे वारंवार येतात. दोहोंसाठी सरसकट 'तहसीलदार' लिहिले तर चालेल का?

उत्तर : माझ्या मते लिहू नये. 'तहसील' म्हणजे वसुली, तर अरबी 'मुआमला'वरून आलेल्या 'मामलत' या शब्दात कारभाराचा सगळा व्याप येतो. पेशवाईतला मामलतदार वसुली तर करीच, पण फिर्यादी ऐकणे, पंचायत नेमणे, शिबंदी (स्थानिक शिपायांची तुकडी) बाळगणे आणि बंदोबस्त राखणे हेही त्याच्याकडेच असे. कमाविसदाराचे काम याच जातीचे, फक्त मुलूख सहसा लहान. कायद्याच्या दृष्टीने खरे महत्त्व आहे ते या अधिकाऱ्यावरील अंकुशाला : नेमणुकीच्या वेळी त्याच्याकडून 'रसद' म्हणून आगाऊ रक्कम घेतली जाई, मजुमदार-फडणिसांसारखे दरकदार (हिशेब-दप्तर सांभाळणारे अधिकारी) हुजुरातून, म्हणजे पेशव्यांच्या सरकारातून, नेमलेले असल्यामुळे त्यांना दूर करण्याचा अधिकार त्याला नसे, आणि शिवाय वतनदार देशमुख-देशपांड्यांचे दप्तर त्याच्या हिशेबावर ताळा म्हणून उभे असे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने (वसुलीच्या ठेक्याने) जाऊ लागल्या आणि हा अंकुश बोथट झाला.

प्रतिप्रश्न : मग कायद्यात 'तहसीलदार' आला कसा?

उत्तर : मुंबई इलाख्यात इंग्रजांनी जुनेच नाव चालू ठेवले, १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेत तालुक्याचा मुख्य महसूल अधिकारी 'मामलेदार' (म्हणजे मामलतदार)च आहे. विदर्भ आणि निजामी मराठवाडा येथे मात्र तहसीलदार रुळलेला होता, आणि तिन्ही भाग एका राज्यात आल्यावर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने तोच शब्द सर्वांसाठी स्वीकारला. तरीही 'मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६' टिकून आहे. वहिवाटीचा शेतरस्ता किंवा पाण्याचा पाट कोणी अडवला, तर त्याच्या कलम ५ खाली सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते, आणि ती ऐकतो तहसीलदार! (वकिलांच्या बोलण्यात अशा प्रकरणाला अजूनही 'मामलेदार कोर्टाची केस' म्हणतात.) म्हणून प्रबंधात पेशवेकालीन पद मूळ नावानेच ठेवून पहिल्या उल्लेखापाशी अधिकारांचा खुलासा करावा. गोव्याच्या महसुली कायद्यात आजही 'मामलेदार'च असल्याने, तिथला उल्लेख आल्यास तो बदलू नये.