मदत हवी आहे : मराठी शब्दकोडी रचताना मधल्या अक्षरावरून शब्द कसा शोधावा?

नमस्कार.

गेल्या दिवाळीपासून मी माझ्या आईसाठी दर आठवड्याला एक मराठी शब्दकोडे रचत आहे. आई ७९ वर्षांची असून सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्रातले कोडे सोडवण्याची तिची जुनी सवय आहे. आता तो बारीक टाइप तिला दिसत नाही आणि मोबाइलवर कोडे सोडवण्यात तिचे मन रमत नाही, कारण तिला हातात पेन्सिल आणि शेजारी खोडरबर लागते. म्हणून आडवी नऊ आणि उभी नऊ अशी मोठी घरे आखून, शोधसूत्रेही ठळक अक्षरांत छापून मी तिला देतो. या कोड्यांनी तिची सकाळ पुन्हा भरली आहे, त्यामुळे हे काम मला नीट करायचे आहे.

माझी अडचण अशी आहे की आपले सगळे शब्दकोश आद्याक्षराने लावलेले आहेत आणि कोडे रचणाऱ्याच्या हाती बहुधा मधले किंवा शेवटचे अक्षर असते. मागच्या आठवड्यात मला चार अक्षरी, दुसरे अक्षर ‘र’ आणि चौथे ‘ळ’ असलेला शब्द हवा होता. संध्याकाळभर विचार केल्यावर ‘हिरवळ’ सुचला, ‘मरगळ’ आणि ‘दरवळ’ दुसऱ्या दिवशी सुचले आणि तोवर कोडे आईकडे गेले होते. इंग्रजी कोडी रचणाऱ्यांना रिकाम्या जागी टिंबे देऊन शब्द शोधण्याची सोय सहज मिळते. मराठीत तशी सोय अधिक गरजेची आहे, कारण आपल्याकडे एका घरात काना-मात्रा-वेलांटीसह संपूर्ण अक्षर बसते. इंग्रजीत प्रत्येक घरासाठी २६ पर्याय असतात, तर मराठीत नुसत्या बाराखड्यांचीच संख्या चारशेच्या वर जाते आणि जोडाक्षरे त्याहून वेगळी. त्यामुळे आडवा आणि उभा शब्द एकाच घरात जुळवणे फार कठीण होते आणि काळी घरे वाढत जातात.

आतापर्यंत मी काय वापरले तेही सांगतो. मोल्सवर्थचा कोश (१८५७ ची दुसरी आवृत्ती, सुमारे ६०,००० शब्द) आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. ‘बृहद्कोश’ या संकेतस्थळावर अनेक मराठी कोश एकत्र धुंडाळता येतात. शोधसूत्रांसाठी समानार्थी शब्द हवे असतील तर मुंबईच्या आयआयटीने तयार केलेले मराठी वर्डनेट उपयोगी पडते आणि पौराणिक नावांसाठी चित्रावशास्त्रींच्या ‘प्राचीन चरित्रकोशा’ला माझ्या मते पर्याय नाही. परंतु जुन्या कोशांमधला शब्द थेट कोड्यात घेता येत नाही. ते कोश १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीचे आहेत, त्यामुळे त्यांत ‘कवि’, ‘गति’, ‘नांव’ अशी रूपे आढळतात. एरवी हा फरक किरकोळ वाटेल, पण कोड्यात ‘गति’ला ‘तिखट’ छेदतो आणि ‘गती’ला ‘तीर’, म्हणजे एका वेलांटीने कोपऱ्याची सगळी मांडणी बदलते.

स्वतःची यादी करावी म्हणून मी दोनेक हजार शब्द स्प्रेडशीटमध्ये भरले आणि लांबी मोजण्याचे सूत्र लावले. ‘कमळ’ची लांबी ३ आली, ती बरोबर होती. ‘पाणी’ची ४ आली आणि ‘स्त्री’ची ६, जी कोड्यात एकाच घरात बसते. ही मोजणी बरोबर करून घेण्याचा आणि मधल्या अक्षरावरून शब्द शोधण्याचा मार्ग कोणाला ठाऊक असल्यास कृपया सविस्तर सांगावा. मला संगणकाची भाषा येत नाही, परंतु शिकण्याची तयारी आहे.

प्रतिसाद :

आपल्या आईंना नमस्कार सांगावा. मीही आमच्या वाचनालयासाठी कोडी रचते, म्हणून अनुभवाने लिहिते.

मोजणी चुकण्याचे कारण असे की संगणक आपली अक्षरे मोजत नाही, तर त्यामागची चिन्हे मोजतो. ‘स्त्री’मध्ये स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हे आहेत. त्यामुळे ‘पहिले कोणतेही, दुसरे र’ असे शोधले तरी ‘हिरवळ’ सापडत नाही, कारण ‘हि’ने दोन जागा घेतलेल्या असतात. उपाय असा की प्रत्येक शब्दाची अक्षरे तोडून वेगवेगळ्या स्तंभांत ठेवावीत : हि, र, व, ळ. मग दुसऱ्या स्तंभात ‘र’ आणि चौथ्यात ‘ळ’ अशी चाळणी लावली की यादीतले असे सगळे शब्द एकदम समोर येतात. किती स्तंभ भरले, हीच अक्षरसंख्या.

तोडण्यासाठी संगणक शिकलेल्या कोणाही मुलाला दोन नियम सांगावेत. हलन्तानंतर व्यंजन आले तर ते आधीच्याच अक्षरात राहते आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार व विसर्ग ही चिन्हे कधीही वेगळी होत नाहीत. एवढ्यावर ‘देवव्रत’ बरोबर चार घरांत बसतो. सगळे शब्द हाताने भरण्याचीही गरज नाही. लिब्रेऑफिस या कार्यालयीन संगणक-प्रणालीसाठी मराठी शुद्धलेखन तपासणीची जी फाइल विनामूल्य मिळते, ती मुळात साध्या मजकुरातली शब्दांची यादी आहे आणि तिचे लेखन आजच्या नियमांचे आहे. तीत प्रत्यय लागलेली रूपे आढळतील, ती मात्र आपणच गाळावीत, कारण ‘घराला’सारखा शब्द कोड्यात आला की सोडवणाऱ्याचा विरस होतो.

जपावे असे ठिकाण एकच आहे. ‘कुऱ्हाड’, ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ यांतला ‘र’ दोन पद्धतींनी टंकित होतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाला ते निराळे शब्द वाटतात. यादी तयार झाल्यावर ‘शोधा आणि बदला’ वापरून सगळीकडे एकच पद्धत करून घ्यावी.

मूळ प्रश्नकर्त्याकडून :

आपले मनापासून आभार. माझ्या भाचीने रविवारी दुपारी बसून अक्षरे तोडण्याचे काम करून दिले आणि ‘ऱ्हा’चा घोळही आपण सांगितल्याप्रमाणे निस्तरला. चार अक्षरी, शेवटी ‘ळ’ असलेल्या शब्दांची यादी पाहताना ‘वर्दळ’ तीनच अक्षरी आहे, हे आयुष्यात प्रथमच ध्यानात आले.

आता एक विनंती उरते. आईच्या बोलण्यात स्वयंपाकघरातले आणि शेतीतले कितीतरी शब्द येतात, जे या यादीत नाहीत : उतरंड, शिंकाळे, पाभर, वैरण, मोट. दात्यांच्या कोशात असे शब्द विपुल आहेत. त्यांतले आजच्या लेखनाप्रमाणे लिहून काढलेले शब्द कोणाकडे असतील, अगदी शंभर-दोनशे असले तरी, तर कृपया येथे द्यावेत. मी त्यांची अक्षरे तोडून संपूर्ण यादी येथेच सर्वांसाठी ठेवीन.