मदत हवी आहे : घरी बांधत असलेल्या विमानाच्या स्पारवरील कोणते रिव्हेट राहू द्यावेत आणि कोणते काढावेत?

नमस्कार.

भांडुपमधील एका भाड्याच्या गाळ्यात गेल्या दीड वर्षापासून मी दोन आसनी विमानाचे किट जुळवत आहे. २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलातील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतील आपल्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान मी पाहिले होते, आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाल्याची बातमी वाचली तेव्हा आपणही हे करायचे, असे ठरवून टाकले. त्यांनी स्वतःचा आराखडा केला, माझ्याकडे तयार किट आहे. त्यामुळे माझे काम त्यामानाने पुष्कळच सोपे आहे. तरीही शेपटीच्या आडव्या भागाचा मागचा स्पार, म्हणजे त्या भागाचा भार घेणारी लांब तुळई, ठोकून झाल्यावर मी गेले तीन आठवडे त्याच जागी थांबलो आहे. ज्यांनी विमानांच्या पत्र्याचे काम प्रत्यक्ष हाताने केले आहे, अशांचे मत मला हवे आहे.

ज्यांचा या कामाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रिव्हेट म्हणजे पत्रे एकमेकांना जोडणारी धातूची खीळ. त्याचे एक डोके कारखान्यातूनच तयार येते. दांडा भोकातून पलीकडे काढायचा, तयार डोक्यावर हवेची गन लावायची आणि पलीकडून लोखंडी ठोकळा, म्हणजे बकिंग बार, घट्ट धरायचा. मग दांड्याचे टोक दबून तिथे दुसरे डोके तयार होते. मी वापरत असलेले रिव्हेट एएन ४७० एडी ४ या जातीचे आहेत, म्हणजे गोल डोक्याचे, २११७-टी४ मिश्रधातूचे आणि १/८ इंच, साधारण ३.२ मिमी व्यासाचे. ठोकलेले डोके व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मे उंच असावे, असा नियम आहे. त्या हिशेबाने माझी डोकी ४.८ मिमी रुंद आणि १.६ मिमी उंच हवीत.

या स्पारवर एकूण ६२ रिव्हेट आहेत. त्यांपैकी ११ रिव्हेटांची डोकी अरुंद झाली आहेत. उंची १.६ मिमी आहे, पण रुंदी ४.४ ते ४.५ मिमीच भरते. कारण मला नंतर सापडले. त्या भागात जोडपट्टी धरून पत्र्यांची एकत्रित जाडी ३ मिमी होते. त्यात व्यासाची दीडपट, म्हणजे ४.८ मिमी मिळवले तर ७.८ मिमी लांबीचा दांडा हवा, म्हणजे ५ क्रमांकाचा, जो ७.९ मिमीचा असतो. माझ्या डबीत ४ आणि ५ क्रमांकाचे रिव्हेट एकमेकांत मिसळले होते आणि मी तिथे ६.३५ मिमीचे, म्हणजे ४ क्रमांकाचे ठोकले. त्याशिवाय ४ रिव्हेटांची डोकी एका बाजूला कललेली आहेत, बकिंग बार किंचित सरकल्यामुळे. आणि एका रिव्हेटच्या तयार डोक्याखाली फट आहे, फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांच्या साधनाची, ०.०५ मिमीची पाती तिथे आत जाते आणि दांड्याला टेकते.

आता ज्या गोष्टीमुळे माझा हात थांबला आहे ती सांगतो. कललेले खरे तर पाच होते. पाचवा मला सहन झाला नाही म्हणून मी तो काढायला घेतला. रविवारची संध्याकाळ होती, उकाडा होता, आणि मी पंचने मध्यावर खूण न करता थेट पूर्ण वेगात ड्रिल लावले. रिव्हेट ड्रिलबरोबर फिरू लागला, ड्रिल डोक्याच्या खाली उतरून एका अंगाला गेले, आणि दांडा बाहेर आला तेव्हा भोक गोल राहिले नव्हते. एका दिशेने ते ३.३ मिमी आहे आणि दुसऱ्या दिशेने ३.५. मूळ भोक ३.२६ मिमीचे होते. त्याच्या काठावर बोट फिरवले की जिथे ड्रिल घसरले ती चंद्रकोरीसारखी धार नखाला लागते. जो रिव्हेट तसाच राहिला असता तर कदाचित काही बिघडले नसते, तो काढताना मी चांगल्या पत्र्याचे नुकसान केले, हे मला फार लागले आहे.

एक आकार मोठा, म्हणजे ५/३२ इंचाचा, जवळजवळ ४ मिमीचा रिव्हेट घालावा, असे वाचले होते. पण भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर किमान व्यासाच्या दुप्पट हवे. माझ्याकडे ते ७ मिमी आहे. ३.२ मिमीच्या रिव्हेटला ते पुरते, ४ मिमीच्या रिव्हेटला ८ मिमी लागतात. शेजारच्या गाळ्यातील एका स्नेह्यांनी नागदेवी स्ट्रीटवरून हव्या त्या मापाचे अॅल्युमिनियमचे रिव्हेट आणून देण्याची तयारी दाखवली. त्यांचा हेतू चांगला होता, परंतु मी नम्रपणे नकार दिला, कारण त्या रिव्हेटांचा मिश्रधातू कोणता हे कळायला काही मार्ग नाही. एडी, म्हणजे २११७ मिश्रधातूच्या, रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध बारीक खळगा असतो, तो त्यांवर नव्हता.

तेव्हा माझे प्रश्न असे : अरुंद ११ आणि कललेले ४ रिव्हेट राहू द्यावेत का? फट असलेला काढायचा असेल तर भोक न बिघडवता तो कसा काढावा? आणि त्या बिघडलेल्या भोकाचे काय करावे?

प्रतिसाद – हँगरवाले काका

तुम्ही मापे घेऊन विचारले आहे, म्हणून मापांनीच उत्तर देतो. बत्तीस वर्षे मी सांताक्रूझला हँगरमध्ये पत्र्याचे काम केले आणि नव्या मुलांकडून सर्वाधिक नुकसान झालेले पाहिले ते वाईट रिव्हेट ठोकल्यामुळे नव्हे, तर बरे रिव्हेट काढल्यामुळे.

दीडपट आणि निम्मे हे लक्ष्य आहे, ती किमान मर्यादा नव्हे. किमान मर्यादा व्यासाच्या १.३ पट रुंदी आणि ०.४ पट उंची अशी धरतात. ३.२ मिमीच्या रिव्हेटला ती ४.१ मिमी आणि १.३ मिमी येते. तुमचे अकराही रिव्हेट त्याच्या वर आहेत. त्यांना हात लावू नका, आणि "अजून एक ठोका देतो म्हणजे पसरेल" असेही करू नका. २११७ मिश्रधातू ठोके खाऊन कडक होत जातो आणि शेवटी डोक्याला चीर पडते. ती चीर दांड्याच्या घेरापर्यंत आली तर मग तो रिव्हेट खरोखरच काढावा लागेल.

असे का चालते तेही समजून घ्या. स्पारवरचा जोर बहुतेक करून पत्रे एकमेकांवरून सरकवण्याचा असतो, आणि तो जोर भोकात गच्च बसलेला दांडा घेतो. तुमच्या एका रिव्हेटची कातर सोसण्याची ताकद ३८८ पौंड, म्हणजे सुमारे १७६ किलो धरली जाते. ठोकलेल्या डोक्याचे मुख्य काम पत्रे आवळून धरण्याचे आहे. म्हणून कललेल्या चौघांपाशी दोनच गोष्टी पाहा : भोक सगळीकडून झाकले गेले आहे का, आणि सर्वांत बारीक बाजूलाही किमान उंची आहे का. दोन्ही होय असतील तर पुढे जा.

फटीचा मात्र काढायचा. तिथे पत्रे आवळलेले नाहीत आणि दांडा दोन पत्र्यांच्या मध्ये फुगलेला असण्याची शक्यता आहे. पंचची खूण नेमकी खळग्यात करा. दांड्यापेक्षा किंचित बारीक ड्रिल घ्या, सुरुवातीला चक, म्हणजे मशीनचा ड्रिल पकडणारा भाग, हाताने फिरवून ते बसवून घ्या, आणि डोक्याच्या उंचीइतकेच खोल जा. त्या भोकात पिन पंच उभा घालून बाजूला कलवा, डोके सुटून येईल. मागे भोक पाडलेला लाकडी ठोकळा धरा, आणि मगच दांडा ठोकून बाहेर काढा. दांडा अडला तर जोर करू नका. त्याच्या मधून आणखी बारीक भोक आरपार पाडा, म्हणजे तो सैल पडतो.

बिघडलेल्या भोकाबद्दल मी येथून निकाल देणार नाही. ४ मिमी घालू नका, ७ मिमी कडेवर तो बसत नाही. किटच्या आराखडाकारांना फोटो, भोकाची दोन्ही मापे आणि कडेचे अंतर लिहून पाठवा. त्या जागी किती जोर येतो हे त्यांनाच माहीत आहे.

प्रतिसाद – मुलुंडकर

काकांच्या उत्तरात एका गोष्टीची भर घालतो. प्रत्येक डोक्याला व्हर्निअर लावत बसलात तर हात थकतो आणि माप चुकते. पत्र्याच्या तुकड्यात ४.१ मिमीच्या ड्रिलने एक भोक पाडा आणि त्याचे काठ साफ करा. ते ठोकलेल्या डोक्यावर धरा. डोके त्यातून आरपार गेले तर रिव्हेट नापास. त्याच तुकड्याच्या कडेला १.३ मिमी खोल खाच घासा आणि ती डोक्यावर आडवी धरा. खाचेच्या दोन्ही बाजू स्पारला टेकल्या तर डोके ठेंगणे आहे, तुकडा डोक्यावर अधांतरी राहिला तर उंची पुरेशी आहे. ६२ रिव्हेट दहा मिनिटांत तपासून होतात.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

काका, मुलुंडकर, दोघांचेही मनापासून आभार. काल मुलुंडकरांनी सांगितल्याप्रमाणे पट्टी करून सर्व रिव्हेट तपासले. अरुंद अकरापैकी एकही भोकातून आरपार गेला नाही. कललेल्या चारपैकी तीन उत्तम आहेत. चौथ्याच्या बारीक बाजूला खाच जवळजवळ टेकते, म्हणून तिथे फीलर गेजने पुन्हा मोजले, १.४ मिमी भरले आणि भोक पूर्ण झाकलेले आहे, त्यामुळे तोही ठेवला.

फटीचा रिव्हेट आज सकाळी काढला. काकांनी लिहिले होते तसेच निघाले : दांडा खरोखरच दोन पत्र्यांच्या मध्ये फुगला होता, कारण तिथे भोकाची कड साफ करताना राहिलेला अॅल्युमिनियमचा एक बारीक कण पत्र्यांना एकमेकांवर टेकू देत नव्हता. भोक ३.२८ मिमी, गोल आणि स्वच्छ आहे. कड पुन्हा साफ केली, प्रायमर लावला, दोन्ही बाजूंना क्लेको, म्हणजे भोकात बसवून पत्रे तात्पुरते धरून ठेवणारे चिमटे, लावून पत्रे आवळले, आणि ५ क्रमांकाचा रिव्हेट ठोकला. ४.८ आणि १.६. पाती आता कुठूनच आत जात नाही.

बिघडलेल्या भोकाचे फोटो आणि मापे आराखडाकारांना पाठवली आहेत. पावसाळ्यात भांडुपची हवा उघड्या धातूला सोसत नाही, म्हणून त्या काठाला प्रायमरचा हात दिला आहे आणि भोकात क्लेको लावून ठेवला आहे. त्यांचे उत्तर आले की ते याच धाग्यावर लिहीन, आणि तोपर्यंत पुढच्या स्पारच्या रिव्हेटांची लांबीप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत वर्गवारी करत आहे.