आयुध भांडारासाठी पान्यांचा पुरवठा: लहान कारखान्याने निविदा भरावी का?

प्रश्न (भोसरीकर_फोर्जिंग):
भोसरीत आमचा लहान फोर्जिंगचा (तापवलेला धातू ठोकून घडवण्याचा) कारखाना असून आम्ही दुतोंडी पाने (नट-बोल्ट आवळण्याचे स्पॅनर), रिंग पाने आणि हातोड्या तयार करतो. लष्कराच्या एका आयुध भांडारासाठी ‘जेम’ या सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवर दुतोंडी पान्यांची निविदा निघाली आहे. आमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) उत्पादक म्हणून आहे, परंतु सरकारला आजवर माल दिलेला नाही. बयाणा (निविदेसोबतची अनामत रक्कम) भरावा लागेल का, जालंधर-लुधियानाच्या हातअवजार कारखान्यांच्या दरांपुढे आमचा निभाव लागेल का आणि पैसे कधी मिळतात, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर (जुना_पुरवठादार):
सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार तुम्हाला बयाणा माफ आहे. मात्र काम मिळाल्यावर मागितली जाणारी कामगिरीची बँक गॅरंटी (करार नीट पार पाडण्याची बँकेची हमी) सहसा माफ होत नाही, तेव्हा तेवढी रक्कम अडकून पडेल हे धरून चाला. याच धोरणात ३५८ वस्तू केवळ लहान उद्योगांकडून घेण्यासाठी राखीव असून त्यांत हँड टूल्स येतात. त्यामुळे मोठ्या कंपन्यांची भीती नको, पण जालंधरचे स्पर्धकही तुमच्यासारखेच लहान असल्याने त्यांच्यापुढे या सवलतीचा वेगळा लाभ नाही. जेमवरील दरात जीएसटी आणि भांडारापर्यंतचे भाडे धरलेले असते. नाकारलेला माल परत आणण्याचा खर्चही आपलाच असतो, आणि नवखे लोक नेमका तोच हिशेबात घेत नाहीत.

उत्तर (कठिणता_तपासनीस):
दरापेक्षा तपासणीची चिंता अधिक करा. दुतोंडी पान्यांसाठी आयएस २०२८ हे भारतीय मानक आहे; निविदेत त्याखेरीज कोणते विनिर्देश लावले आहेत, ते ओळ न ओळ वाचा. लहान कारखान्यांचा माल बहुधा उष्णतोपचारात (धातू तापवून-थंड करून कठीण करण्याच्या प्रक्रियेत) मार खातो, कारण भट्टीतील तापमान सर्वत्र सारखे नसल्यास एकाच खेपेतील काही पाने ठिसूळ तर काही मऊ निघतात, आणि नमुन्यादाखल उचललेले मोजके पाने कठिणतेच्या किंवा टॉर्कच्या (पिळण्याच्या जोराच्या) चाचणीत नापास झाले की उरलेला चांगला मालही त्यांच्याबरोबर परत येतो. म्हणून माल रवाना करण्यापूर्वी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल घ्यावा. भांडारात माल दीर्घकाळ पडून राहू शकतो, तेव्हा गंजरोधक तेल आणि वेष्टन यांत काटकसर नको.

उपप्रश्न (बुधवार_पेठ_हार्डवेअर):
आम्ही केवळ विक्रेते आहोत, पण उद्यम नोंदणी आमचीही आहे. बयाण्याची ही सूट आम्हाला लागू होईल का?

उत्तर (सनदी_लेखापाल):
नाही. जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, परंतु तिचा उपयोग प्राधान्य क्षेत्रातील (बँकांनी ठरावीक क्षेत्रांना द्यायच्या) कर्जापुरता आहे.

मूळ प्रश्नातील पैशांविषयी: एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा, २००६ नुसार लेखी करारातही माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा अधिक मुदत ठेवता येत नाही. माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोहोचल्याचा दिवसच स्वीकृतीचा मानतात. हरकत आल्यास ती दूर होईपर्यंत मुदत सुरू होत नाही. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज मागता येते आणि सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रारही करता येते. पुढील निविदेच्या आशेने बरेच पुरवठादार हे व्याज मागत नाहीत, तो ज्याचा त्याचा व्यवहार. पण भांडाराची तारीख घातलेली पोच मात्र पहिल्याच दिवशी हातात घ्यावी, कारण दिवसांची सगळी मोजणी तिच्यावरूनच होते.